उलटा करून पाहिलेला मिक्सर

कारभारणीनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगदाण्याची चटणी. निम्मी वाटून झाली अन् मिक्सरचं पातं फिरेना. चार दिवसांनी कारभारीण गेली.

दोन महिन्यांनी तो मिक्सर घेऊन पिंपरी कॅम्पातल्या दुकानात गेलो. जुना द्या, नवा न्या, अशी पाटी होती. टेबलावर ठेवला, पण माझा हात काही त्याला सोडेना.

शेजारी चाकणच्या कंपनीचा गणवेश घातलेली बाई होती. कंपनीत खरेदी बघायची म्हणे. हातात येईल ती वस्तू आधी उलटी करायची. आताही दुकानातला नवा मिक्सर तिनं पालथा केला.

"ताई, चेहरा वर आहे," दुकानदार वैतागला.

"मला काय लग्न करायचंय भाऊ? स्क्रू नाहीत, नुसतं चिकटवलंय. बिघडलं की थेट कचरा."

मग तिनं माझा मिक्सर उलटसुलट पाहिला आणि ओरडलीच, "काका, हा कुठं देताय? नुसती पातं फिरवणारी रबरी चक्री झिजलीय! उघडता येतं तेच घ्यावं, आणि घरात असलं तर सोडू नये."

अंगात वारं शिरलं राव! चक्री घेतली, मिक्सर उचलला अन् निघालो. बाईचं नाव विचारायचंही राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्री बसवली. रिकामं भांडं असं गरजलं की शेजारीण धावत आली.

म्हटलं, "बघतेस काय? काय वाटायचं असेल ते आण!"