सूर धरणाऱ्या मावशी

मावशी कधीच एकट्या गायल्या नाहीत. आवाज असा की विहाराच्या पत्र्याखाली माइकशिवाय शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचायचा. पण "मावशी, एक कडवं तुम्ही म्हणा" असा आग्रह केला की त्या हात झटकायच्या. "मी कोरसवाली. कोरसवालीनं पुढं यायचं नसतं."

तरुणपणी त्या एका गायन पार्टीत होत्या. जयंतीच्या दिवसांत घोटीपासून सटाण्यापर्यंत त्यांचे कार्यक्रम व्हायचे. मुख्य गायक दम घ्यायला थांबला की मागून सूर धरून ठेवायचा, हे त्यांचं काम. उतारवयात त्या नाशिकला आमच्या वसाहतीतल्या विहारात रोज संध्याकाळी मुलांना फुकट गाणं शिकवायच्या, तेव्हाही हेच करायच्या. लांब ओळीच्या शेवटी पोरांना धाप लागली की पेटीमागून त्यांचा आवाज हळूच यायचा आणि ओळ तुटायची नाही. "घाबरायचं नाय," त्या म्हणायच्या. "तुम्ही दम घ्या, सूर मी धरते."

त्यांची दुसरी सवय नावं घेण्याची. पार्टीच्या कार्यक्रमात निवेदक गायकाचं नाव घ्यायचा, पेटीवाल्याचं, ढोलकीवाल्याचं घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, 'आणि कोरस.' ते त्यांना आयुष्यभर सललं. म्हणून त्यांच्या वर्गाच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाचं नाव माइकवर घेतलं जायचं, आईच्या आणि बापाच्या नावासकट. सतरंज्या कुणी दिल्या, पंखा कुणी दुरुस्त केला, पोरांना चहा कुणी पाजला, सगळ्यांची नावं.

मी वणीच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. नोकरीसाठी नाशिकला आले आणि मावशींच्या शेजारी खोली घेतली. पहिल्याच कार्यक्रमाला त्या मला ओढून घेऊन गेल्या आणि माइकवर म्हणाल्या, "ही आमच्या शेजारची पोरगी. बीए झाली हाय." मग माझं पूर्ण नाव. शाळेच्या हजेरीशिवाय माझं नाव असं कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. पुढच्या खेपेला त्यांनी माइकच माझ्या हातात दिला. मी चाचरत बोलू लागले, तर मागून आवाज आला, "मान वर कर पोरी. खाली बघून बोललं की आवाज पायात पडतो." आज मी ऑफिसात चार माणसांसमोर उभी राहून बोलते, ते त्या एका वाक्याच्या जोरावर.

मग मावशींचा दम कमी होऊ लागला. डॉक्टरांनी फुप्फुसाचं दुखणं सांगितलं. त्यांना काळजी एकच, आपल्यामागं वर्ग कोण चालवणार. त्याच सुमारास मुंबईची एक संस्था वस्त्यांमधल्या संगीतवर्गांना अनुदान देते असं मला कळलं. मावशींनी लगेच फर्मान काढलं. "लिही अर्ज. पगाराचा मास्तर ठेवू. फुकटचं माणूस कुठवर टिकणार? मी टिकले, कारण मला दुसरं काय येतच नव्हतं."

मी अर्ज वाचून दाखवत होते. 'लाभार्थी' शब्दाला त्या अडल्या.

"म्हंजे?"

"ज्यांना वर्गाचा लाभ होतो ते."

"मग माझंच लिही की पहिलं," त्या म्हणाल्या आणि हसता हसता खोकू लागल्या.

अर्ज पसंत पडला. वर्ग बघायला संस्थेच्या एक मॅडम आणि एक सर येणार होते. मुलं कशी शिकतात, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. त्यानंतर त्यांना मुंबईची गाडी गाठायची होती. मी मावशींना म्हटलं, "आधी गाणी घेऊ."

"पाहुणं दारात आलं आणि त्यांचा मान नाय? आधी मान, मग गाणं."

पाहुण्यांना शाल दिली. मग विहार समितीच्या अध्यक्षांचा सत्कार, त्यांचं मनोगत. मग मंडपवाला, वायरमन, चहावाला, प्रत्येकाला गुलाबाचं फूल आणि टाळ्या. धुतलेल्या कपड्यांतली पोरं मांडी घालून बसून राहिली. मॅडम सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अहो, मुलांना ऐकायचं होतं."

मावशींनी ऐकलं. "ऐका की! हे काय, लगेच बसवते," म्हणत त्यांनी पेटी ओढली. पण रिक्षा घेऊन बाहेर थांबलेल्या सरांना गाडी चुकवायची नव्हती. "रेकॉर्डिंग पाठवा," एवढं म्हणून दोघं गेले.

मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये मुलांपेक्षा पंख्याचा आवाज जास्त होता. पुढे नकार आला. प्रत्यक्ष शिकवणं पाहता आलं नाही, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. चूक त्यांचीही नव्हती. मी मावशींना सांगितलं, तेव्हा त्या पेटीचा भाता पुसत होत्या.

"म्हंजे नावं लय झाली व्हय?"

"हो मावशी."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "बरं. पुढच्या टायमाला माझं वगळ."

त्यांचं नाव त्यात मुळात नव्हतंच. सगळ्यांची घेतली होती, त्यांचं घ्यायचं त्यांनी कुणाला सुचू दिलं नव्हतं.

पुढची वेळ त्यांना मिळाली नाही. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरला होता. वंदना झाली. आदरांजलीची भाषणं करायला मंडळी पुढे सरसावली. माइक माझ्याकडे होता. मुलं त्या दिवसासारखीच मांडी घालून बसली होती. मी मान वर करून म्हटलं, "आधी मुलं गातील. भाषणं नंतर." अध्यक्ष काही बोलणार होते, पण बसले.

मुलं गाऊ लागली. लांब ओळ आली. ओळीच्या शेवटी सवयीनं सगळ्यांनी एकदमच दम घेतला, कारण मागून सूर येणार हे त्यांना पाठ होतं. तो आला नाही. ओळ तुटली. पोरं एकमेकांकडे बघत राहिली, आणि मावशी गेल्या हे आम्हाला सगळ्यांना खरोखर त्या क्षणी कळलं.

वर्ग आता बंद आहे. पेटी त्यांच्या मुलानं घोटीला नेली; मास्तर मिळाला तर परत देईन म्हणालाय. यंदा मी पुन्हा अर्ज भरला. निधी नेमका कशासाठी हवा, या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. मग लिहिलं: मुलं दम घेतात तेवढा वेळ मागं सूर धरायला एक माणूस हवं आहे.

आणि त्याखाली मावशींचं पूर्ण नाव लिहिलं.