रिकाम्या गाभाऱ्याची आरती

"अडतीस वर्षं देवाला उठवलं, आता मला कोणीतरी झोपवा," रंगनाथ गुरव एकदा म्हणाले होते.

ही अडतीस वर्षं त्यांनी शनिवार पेठेतल्या धाकट्या रामाच्या देवळात काढली. रामनवमी उरकली आणि ट्रस्टनं देऊळ कलाकेंद्राला दिलं. शास्त्रीबुवांनी मंत्र म्हणत मूर्तीतलं देवत्व कलशातल्या पाण्यात उतरवलं. तो कलश मांडीवर धरून रंगनाथ टेम्पोतून खराडीच्या नव्या देवळापर्यंत गेले. सिग्नलला पाणी हिंदकळू नये म्हणून वर तळहात ठेवून. तिथे पुजारी आधीच नेमलेला होता. ते बसनं परत आले.

आता सभामंडपात चित्रं टांगलेली असतात, ओवरीत मातीकाम शिकवतात. रंगनाथ कुलपं उघडतात, लावतात. त्याबदली मागच्या दोन खोल्या त्यांच्याकडे राहिल्या. पहाटे चारला जाग अजून येते. उठून करायचं काय, म्हणून ते पडून राहतात. त्यानं जास्तच थकायला होतं.

केंद्राच्या उत्कर्षा मॅडमना उद्घाटनाला आरती हवी होती. "काका, रिकाम्या गाभाऱ्यात फक्त तुम्ही आणि ज्योत. खूप पॉवरफुल दिसेल."

ट्रस्टचे विश्वजीतराव म्हणाले, "नाही म्हणू नका. तुमच्या खोल्यांचा विषय परवाच्या मीटिंगला आहे."

मेथी निवडता निवडता रंगनाथांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "करा की. आत आहे कोण? भिंतीला ओवाळायचं. या वयात मला भाड्याची खोली शोधायला लावू नका."

रंगनाथांना ते पटलं. भिंतीला ओवाळण्यात पाप नव्हतं.

रंगीत तालमीला ते धोतर नेसून, पंचारतीत वाती घालून उभे राहिले. मंडपातले दिवे मंद झाले आणि गाभाऱ्यातल्या चौथऱ्यावर उजेड पडला. तिथे केळीच्या पानावर मूठभर तांदूळ होते. तांदळावर सुपारी.

"हे कोणी मांडलं?"

"मी," उत्कर्षा म्हणाली. "फारच रिकामं दिसत होतं हो. मूर्ती नसली की आमची आई सुपारीच मांडते."

"बरोबर करते आई. मांडली की तो देव. मग आरती म्हणजे बोलावणं. बोलावलं आणि आले, तर बसवू कुठे? तुमच्या स्पीकरवर?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. उत्कर्षा गोंधळली. "काढू का मी?"

"राहू द्या," विश्वजीतराव म्हणाले. "क्लोजअप त्याच्यावरच आहे. अहो काका, प्रॉप आहे ती. कार्यक्रम झाला की कोणीतरी कातरून खाईल. खोल्या हव्यात ना? मग लावा ज्योत."

काडी ओढायला हात उचलेना. अडतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ज्याला जड मनानं निरोप दिला, त्याला घर नसलेल्या घरी परत बोलवायचं आणि तासाभरानं कातरायचं.

त्यांनी पंचारती पायरीवर ठेवली. मंडपाच्या दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्या बाजूला सरकल्या. रंगनाथ त्यांच्याजवळून बाहेर पडले.