वहिनीचा उभ्यानं लिहिलेला पेपर

शकूवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, आई गेली... झोपेतच." त्याला महिना होऊन गेला. जो तो तिच्या सोशिकपणाचं कौतुक करतो आणि मला ते ऐकवत नाही. त्या सोशिकपणानंच तिचं वाटोळं केलं, हे ओठांवर आलेलं मी गिळून टाकतो. निदान इथं तरी लिहून मोकळा होतो.

वहिनी पारनेरकडची. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास लग्न होऊन भिंगारला आली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लष्कराच्या डेपोत तंबू शिवायच्या कामावर होता. वहिनीला मॅट्रिक व्हायचं होतं. झाली असती तर बालवाडीत शिकवता आलं असतं. दादाची ना नव्हती. मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो, म्हणून तिचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं.

एका संध्याकाळी दादा डेपोतली गंमत सांगत होता. साहेब आत आला की शिलाई मशिनं थांबतात, सगळे ताठ उभे राहतात. साहेब 'कॅरी ऑन' म्हणाला की पुन्हा खडखडाट सुरू. वहिनीनं मला अर्थ विचारला. मी डिक्शनरीतला सांगितला, चालू ठेवा. तिला तो पुरेसा वाटेना.

"नुसतं चालू ठेवा न्हाई भावजी. ज्याच्यामुळं थांबलं, त्यानंच म्हनायचं आसंल त्ये." मग हळूच म्हणाली, "आपल्या घरात कुनी म्हनायचं?"

तिचा रोख माझ्या वडिलांवर, आप्पांवर होता. आमच्याकडे सासरे समोर आले की सुनेनं उठायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि ते जाईपर्यंत उभं राहायचं. आप्पा तर सारखे आत यायचे... तंबाखूला, चुन्याला, काहीच नसलं तर उगाच. वहिनी अर्धं वाक्य टाकून उभी. आप्पा सावकाश तंबाखू मळणार, चिमूट दाढेखाली ठेवणार, मग जाणार. तोवर तिच्या डोक्यातलं इंग्रजी पळून गेलेलं. शेवटी मी आप्पांना बोललोच.

"मी कवा म्हनलो तिला उभी ऱ्हा?" आप्पा उलट मलाच विचारू लागले.

"मग बस तरी म्हणा!"

"सासऱ्यानं सुनंला आसं बोलायचं आसतंय व्हय?"



दुष्काळाच्या त्या वर्षात पाण्याच्या रांगा सांभाळून तिनं अभ्यास केला. परीक्षेला नंबर नगरच्या एका शाळेत आला. आणि इंग्रजीच्या पेपरला तिच्या वर्गावर कोण यावं? आमचे चुलत काका, तात्या मास्तर. म्हणजे तिचे चुलत सासरे! ते आत आले, ही उठली आणि उभीच राहिली. तात्यांनाही सुनेशी थेट बोलता येईना. ते बिचारे खिडकीकडे तोंड करून बसले. सगळा वर्ग बसून लिहितोय आणि ही डोक्यावर पदर घेऊन, बाकावर ओणवी होऊन लिहितेय. पाठ भरून आली, निबंध राहूनच गेला. पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर तिच्याकडून हे ऐकून मी ओरडलो, "बसायचं ना मग!"

"त्यांच्या म्होरं?" तिनं असं विचारलं की जणू मीच वेडा.

ती फक्त इंग्रजीत नापास झाली. निकाल ऐकून आप्पांनी आपली खाट बाहेर लिंबाखाली नेली आणि दिवेलागणीनंतर आत यायचं बंद केलं. घर मोकळं झालं. आणि वहिनी त्या मोकळ्या घरात डाळ निवडत बसायला लागली! दादानं समजावलं, मी हातापाया पडलो. "झालं की आता, भावजी," एवढंच म्हणायची. बालवाडीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

गेल्या आठवड्यात भिंगारला गेलो. वहिनीच्या खोलीत तिची सून वह्या तपासत बसली होती. ती शाळेत शिकवते. मला पाहून हसली, पण उठली नाही. "या काका, एवढी ओळ पुरी करते." ओळ पुरी करून, मग उठून तिनं खुर्ची पुढं केली.

"राग मानू नका हं. आईंनी लावलेली सवय आहे. मी या घरात आले तेव्हाच म्हणाल्या, कुनीबी येऊ दे, हातातली वळ पुरी केल्याबिगर उठायचं न्हाई."

मला बसवेना. त्या पोरीचं कौतुक वाटलं आणि वहिनीचा असा काही राग आला की विचारू नका. एवढं सगळं कळत होतं... मग वहिनी, तू का उठलीस?