चौडप्पाचं ‘नंतर’

चौडप्पाला मी संशयी म्हटलं तर आमच्या विणकरांच्या दोड्डबळ्ळापुरात कुणी भांडायला येणार नाही. उलट चार जण आपापली गोष्ट सांगायला बसतील. देवळात गेला की एक चप्पल या खांबाशी काढायचा आणि दुसरी त्या खांबाशी. पण बाकीच्यांचं सोडा. मी त्याचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, त्याच्या मागांना ताणे, म्हणजे उभे धागे, भरून देणारा, आणि त्याने माझ्यावरही संशय घेतला. तो राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा गोष्ट रागासकटच ऐका.

चौडप्पा साड्यांच्या काठांची नक्षी काढायचा. त्याचा बाप कागदावर चौकटी रंगवायचा, हा कॉम्प्युटरवर. त्या नक्षीवरून भोकं पाडलेले पुठ्ठे तयार व्हायचे, आणि ते मागावर चढले की काठावर मोर, कोयऱ्या, रुद्राक्ष उतरायचे. जन्मभर काढलेले सगळे काठ त्या एका कॉम्प्युटरमध्ये होते. प्रत एकही नाही, आणि काम झालं की पुठ्ठेही तो स्वतः जाळायचा. “प्रत काढली म्हणजे चोराला दुसरं दार करून दिलं,” असं त्याचं म्हणणं. अगदीच खोटं नव्हतं ते. आमच्याकडे एखादा काठ चालला की थोड्याच दिवसांत तोच काठ कुठल्यातरी परगावच्या स्वस्त साडीवर दिसतो.

यंत्र मागाच्या खोलीत कोपऱ्यात होतं. ते सुरू केलं की पडद्यावर यायचं, अपडेट तयार आहे, आता करायचं की नंतर? चौडप्पा दात-ओठ खाऊन ‘नंतर’ दाबायचा.

“गंगण्णा, न मागता कुणी फुकट काही देतं का रे? हा रोज दारात येऊन विचारतो, करू का, करू का. याला आत शिरायचंय.”

“अरे, पण नाही केलं तर काय होतं?”

“काय व्हायचंय? चालत्या मागाला तेल घालावं, हात घालू नये.”

शेवटी त्याने इंटरनेटची वायरच उपटली. प्रश्न बंद झाला आणि चौडप्पाला सुखाची झोप लागली.

मग एके दिवशी मागाच्या खोलीला जाड पडदा लागला. मी ताणा घेऊन गेलो तर त्याने उंबऱ्यावरच हात पुढे केला. म्हणाला, “हल्ली मोजून बघतोय, नव्या काठाचं पहिलं कापड उतरलं की दर वेळी हातभर कमी भरतंय. उंदीर असेल म्हणावं, तर उंदीर कात्रीने कापत नाही.”

त्या खोलीत जाणारे तिघेच. तो, त्याची बायको मुत्तक्का आणि मी. “उंदीर कोण, ते बोल ना सरळ,” मी म्हणालो.

“मी कुणाचं नाव घेतलं का?”

नाव नाही घेतलं, पण माझ्या पिशवीकडे बघत होता. लहानपणी एका ताटात जेवलेली माणसं आम्ही. त्यानंतर मी ताणा उंबऱ्यावर ठेवायचो आणि पाणीही न पिता परतायचो.

अशात दसरा आला. चौडप्पाची मुलगी सुवर्णा आणि जावई नटेश बंगळुरूहून आले. नटेशची नोकरी कॉम्प्युटरची, मुलगा सरळ, पण शिकलेल्या माणसाला असतो तसा उत्साह फार. “मामा, ही सिस्टिम फार जुनी झाली. आता हिला कुणी वाली नाही. नवी चढवू या.”

“जावईबापू, तुम्ही सुवर्णाला सांभाळा. याला मी सांभाळतो.”

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या सकाळी चौडप्पा चौडेश्वरीच्या देवळात गेला आणि नटेशने आपल्या मोबाइलचं इंटरनेट जोडून नवी सिस्टिम चढवायला सुरुवात केली. सासऱ्याला कळू नये म्हणून कॉम्प्युटरचा पडदा तेवढा बंद केला, आत काम चालूच. कंपाउंडच्या भिंतीवरून मला हसत सांगत होता, “सगळं जुनं तसंच राहतं हो. पूजा झाली की दाखवतो, खूश होतील.” तेवढ्यात मुत्तक्काने त्याला केळीचे खांब आणि कोहळा आणायला बाजारात पिटाळलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. पूजेला बसण्याआधी घरातलं एकही यंत्र चालू राहता कामा नये. चौडप्पा देवळातून आला, सोवळं नेसला आणि त्याने मागाच्या खोलीचा मेन स्विच खाली पाडला. मागांना विभूतीचे पट्टे ओढले, कॉम्प्युटरला कुंकू लावलं, वर झेंडूची माळ घातली. नटेश कोहळा घेऊन आला तोवर धूप फिरत होता.

“मामा, मेन स्विच…”

“पाडला. आज त्यांनाही सुट्टी.”

पूजलेल्या हत्याराला विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही. बिचारा बोलणार काय? दुपारी पंगतीत त्याने होळीगेला, आमच्या पुरणपोळीला, नको म्हटलं. चौडप्पा हात धुता धुता भिंतीपाशी आला. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलला ते हेच, “जावयाच्या पोटात काहीतरी आहे. गूळ घातलेली होळीगे नाकारणारा माणूस मी पाहिला नाही.”

दुसऱ्या दिवशी देवाला चुरमुरे दाखवून स्विच वर केला. माग खडखडले. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली आणि तिथेच थांबली. नटेशने सगळं कबूल केलं आणि दिवसभर त्या यंत्राशी झटापट केली. आतली डिस्क मुळात म्हातारी, त्यात ऐन कामात वीज गेलेली. संध्याकाळी तो म्हणाला, “मामा, काहीच वाचता येत नाही.”

आरडाओरडा ऐकू येईल म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो होतो. चौडप्पा ओरडला नाही. हळूच म्हणाला, “किती मिळाले?”

“कशाचे?”

“माझ्या काठांचे. कुणाला दिलेस?”

“अप्पा!” सुवर्णा किंचाळली. “लाज वाटत नाही? तो कालपासून जेवला नाहीये!”

चौडप्पा मागाच्या फळीवर बसला. कॉम्प्युटरवरचं कुंकू बोटाने पुसत राहिला. “माझे मोर गेले,” एवढंच म्हणाला. या माणसाला काठाशिवाय दुसरं काही येत नाही, आणि व्यापारी त्याच्याकडे येतात ते त्या जुन्या काठांसाठीच. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

तेव्हा मुत्तक्का आतून पत्र्याची पेटी ओढत घेऊन आली. झाकण उघडलं. आत कापडाचे तुकडे, नीट घडी घातलेले, प्रत्येक हातभर. मोर, कोयऱ्या, रुद्राक्ष, एकूण एक काठ.

“हा घ्या तुमचा उंदीर,” ती म्हणाली. “तुमचा माणसांवर विश्वास नाही, माझा त्या डब्यावर नाही. पहिलं कापड उतरलं की कापून ठेवत आले.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर पेटीच कुठेतरी पुरून ठेवली असतीत. आणि मग जागा कोण शोधणार होतं?”

चौडप्पाने मोराचा तुकडा उचलला, उलटा-सुलटा पाहिला आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. “गंगण्णा…”

“पिशवी बघायची आहे का?” मी म्हणालो. मुत्तक्का “मला काय ठाऊक, हे तुमच्यावर…” असं म्हणत चुरमुऱ्यांची वाटी पुढे करत होती, ती न घेताच मी घरी आलो.

नटेशने रजा वाढवली, नवं यंत्र बसवून दिलं. तुकडे समोर ठेवून चौडप्पा एकेक काठ पुन्हा काढायला लागला. खोलीचा पडदा गेला. तरी मी ताणा उंबऱ्यावरच ठेवायचो. तो आत ये म्हणायचा, मी घाई आहे म्हणायचो. त्याचा चेहरा पडायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. “गंगण्णा! धावत ये. हे परत विचारतंय!”

आवाजात अशी काकुळती होती की मी हातातला चहा तसाच टाकून गेलो. पडद्यावर तेच, आता करायचं की नंतर? कॉम्प्युटरच्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची मांडलेली होती.

“तू बस इथे. मग मी दाबतो,” चौडप्पा म्हणाला आणि आत तोंड करून ओरडला, “अगं, कालचं कापड कापलंस का?”

“कापलं, पेटीत ठेवलं, कुलूपही लावलं,” मुत्तक्काचा आवाज आला. “किल्ली काय ती तुमच्याकडेच.”

चौडप्पाने जानव्याला बांधलेली किल्ली सोडली. क्षणभर मुठीत धरली. मग माझ्या हातावर ठेवली आणि ‘आता’ दाबलं.