पिवळी न झालेली ओळ

प्रयोगशाळेत तिला लहानथोर सगळे ताईच म्हणत. पेशी वाढवणं हे तिचं काम. उबदार कपाटातल्या चपट्या बाटल्यांना एक दिवसाआड ताजा पोषक द्रव द्यायचा, दाटी झाली की पेशी दुसऱ्या बाटल्यांत हलवायच्या. पंधरा वर्षांत तिचा हात असा बसला होता, की नवी मुलं तिच्या मागे उभी राहून बघत.

तिचा धाकटा भाऊ वेल्डर होता, अठ्ठावीस वर्षांचा, दणकट. घरात फ्लूची साथ आली. आईला दोन दिवस सर्दी झाली, ताईला कणकण आली, थोरल्या भावाला लागणच झाली नाही. धाकट्याला सोमवारी ताप भरला आणि शुक्रवारी तो गेला. डॉक्टरही चक्रावले. ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आठवड्याने ती कामावर गेली आणि बाटल्या काढून बसली.

मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, यांनी इस्पितळाचे कागद मागवून वाचले. मग ताईला समोर बसवून सांगितलं. विषाणू पेशीत शिरला, की तिथलं रिसेप्टर नावाचं प्रथिन त्याला ओळखतं. त्याने इशारा दिला की पेशी इंटरफेरॉन सोडते आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. इशारा नको तेव्हा चालू राहिला तर शरीर स्वतःलाच जाळतं, आणि वेळेवर मिळालाच नाही तर विषाणूला रान मोकळं. धाकट्याच्या बाबतीत तो मिळालाच नसावा, असा त्यांना संशय होता. घरच्यांचं रक्त तपासायला हवं होतं. चाचणी दुसऱ्या कुणाला देते, असंही त्या म्हणाल्या.

"मीच करते," ताई म्हणाली.

थोरला बस चालवायचा. ड्यूटी संपवून तो आला आणि बाही वर सारून त्याने हात पुढे केला. चौघांच्या रक्तातल्या पेशी ताईने वेगळ्या केल्या: स्वतःच्या, आईच्या, थोरल्याच्या आणि तुलनेसाठी एका निरोगी माणसाच्या. विषाणूची नक्कल करणारं रसायन घालून रात्रभर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी छोट्या खळग्यांच्या ताटलीत इंटरफेरॉन मोजलं; ते जितकं जास्त, तितका खळग्यातला पिवळा रंग गडद. निरोगी माणसाची ओळ गडद पिवळी झाली. तिची आणि आईची फिकट पिवळी. थोरल्याची ओळ पाण्यासारखी राहिली. तिने आकडे वहीत लिहिले, ताटली मॅडमना दाखवली, आणि हात धुऊन जेवायला गेली. काय जेवली, ते तिला संध्याकाळी आठवेना.

घरी आई भांडी पुसत होती. ताईने सरळ सांगून टाकलं. बाईकडे या रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. मुलग्याला एकच मिळते, तीही आईकडून.

"म्हणजे माझ्याकडून गेलं," आई म्हणाली.

"हो. माझ्यातही आहे."

आईने ताटली पुसून फडताळात ठेवली, मग तीच परत काढून पुसली. थोरला दारात उभा होता. "मग आता करायचं काय?" एवढंच त्याने विचारलं. ताप आल्याबरोबर इस्पितळात दाखवायची म्हणून मॅडमनी दिलेली चिठ्ठी ताईने त्याच्या पाकिटात सरकवली.

चार महिन्यांनी, भर दुपारी, बसथांब्यावरून त्याचा फोन आला की अंग तापलंय. तासाभरात दोघं इस्पितळात होती. चिठ्ठी वाचून डॉक्टरांनी फ्लूच्या गोळ्यांबरोबर बाहेरून इंटरफेरॉन टोचलं. त्या रात्री त्याचं अंग असं ठणकलं, की पलंगाची दांडी धरून तो विव्हळत राहिला. ते औषधामुळेच होतंय, हे ताईला ठाऊक होतं. ती बाकावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, नवव्या दिवशी तो पायऱ्या चढून घरी आला.

आपल्याला आता आनंद होईल, असं ताईला वाटलं होतं. झाला नाही. ती दोन दिवस नुसती झोपली.

"जरा रडून तरी घे," आई म्हणाली.

"येईल तेव्हा रडेन."

आईने आपली उशी उचलली आणि तिच्या शेजारी येऊन आडवी झाली.