हरवलेल्या मेंढराचा खेळ

खरं सांगायचं तर त्या सकाळी मला जायचंच नव्हतं. आमच्या चर्चच्या मंडळीने बेळ्ळंदूरच्या पलीकडे, एका बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत मुलांसाठी आठवडाभराचं शिबिर घेतलं होतं. मी मूळची पुण्याची, नोकरी इकडे कन्नड मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीत. वस्तीतले बरेच लोक बिदरकडचे, घरात मराठी बोलणारे, म्हणून पाळकांनी मुलं सांभाळायला मलाच पुढे केलं. मीही मोठ्या हौसेने रजा टाकली. पण रोज गाणी म्हणून आणि मुलांवर ओरडून शिबिर संपायच्या आदल्या दिवशी माझा घसा पार बसला. तोंडातून नुसती हवा यायला लागली. मुकी शिक्षिका तिथे जाऊन काय दिवे लावणार? प्रभूच्या कामाला निघाले आणि त्यानेच माझं तोंड बंद केलं, म्हणून मी त्याच्यावर रुसूनच घराबाहेर पडले.

मुलांचा सगळ्यात आवडता खेळ मी काढलेला होता. आधी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायची, मग एकाने मेंढरू होऊन लपायचं. बाकीच्यांनी खोट्या हाका मारून त्याला फसवायचं, पण मेंढराने बाहेर यायचं ते फक्त मेंढपाळाच्या, म्हणजे माझ्या हाकेला. आदल्या दिवशीचं मेंढरू पहिल्याच खोट्या हाकेला खिदळत बाहेर आलं होतं. म्हणून त्या दिवशी मी भाग्याला जवळ घेतलं आणि कानात बजावलं, "कुणीही बोलावलं तरी यायचं नाही. मी बोलावलं तरच." भाग्या सहा वर्षांची, पण शब्दाची पक्की. तिने गंभीरपणे मान डोलावली. शिबिरात माझ्याबरोबर काम करणारी शेरॉन म्हणाली, "तुला बोलताच येत नाहीये, आज खेळ स्किप करू ना." पण मी हट्टाला पेटले होते. शिबिर भरायचं त्या शेडभोवती पत्र्याचं कुंपण होतं. एवढ्याशा जागेत कुजबुजलं तरी ऐकू जाईल, असा माझा हिशेब होता.

पत्र्याला एका कोपऱ्यात फट होती, तिचा मात्र मी हिशेब केला नव्हता. मुलांनी सगळी शेड पालथी घातली, सतरंज्या उचलून पाहिल्या. भाग्या नाही. मग शेरॉनला त्या फटीच्या कडेला भाग्याची लाल रिबीन अडकलेली दिसली. पलीकडे बांधकाम जोरात चालू होतं. लिफ्टसाठी खणलेला खोल खड्डा, झाकण नसलेली पाण्याची टाकी, गजांचे ढीग, आणि या सगळ्यावर काँक्रीटच्या मिक्सरची घरघर.

भाग्याची आई महादेवीअक्का तिथेच वाळू वाहत होती. कळल्याबरोबर ती घमेलं टाकून धावत सुटली. "भाग्याऽ! कुठं हाईस गं बाई!" तिचा आवाज फाटत होता. मजूर ओरडत होते, मुलं ओरडत होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही पोर कुठेतरी बसून हे सगळं ऐकत असेल आणि तरीही येणार नाही. आईच्या हाकेलासुद्धा नाही, कारण मीच तसं सांगितलं होतं. मी शेरॉनला कसंबसं हातवारे करून समजावलं, तशी ती ओरडली, "भाग्या, खेळ संपला, बाहेर ये!" पण खेळ संपला ही तर मुलांची रोजचीच थाप होती.

टाकीत एकाने बांबू घालून ढवळून पाहिलं. त्या वेळी मी डोळे मिटून घेतले, मला बघवेना. बांबू नुसताच वर आला. महादेवीअक्का खड्ड्याकडे धावली. मी तिच्यामागे गेले नाही, जाऊ शकले नाही. आयुष्यात इतक्या निकराने मी कधी प्रार्थना केली नव्हती. प्रभू, आवाज दे. एकदाच दे. एक हाक मारण्यापुरता दे, मग कायमचा काढून घे. आणि सगळा जीव एकवटून तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. घशात आग झाली, एवढंच. त्याने ऐकलं नाही, असं मला वाटलं, आणि मी चिडले, अगदी मनापासून चिडले.

समोर वाळूने भरलेला एक टिपर ट्रक रिव्हर्समध्ये मागे येत होता, माल ओतायला. त्याच्या चालकाने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीचा, कपाळाला गंधाचा टिळा लावलेला, मी कधीही न पाहिलेला माणूस. मी त्याला काही खूण केली नव्हती. मी नुसती तोंड उघडून उभी होते. त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मग खाली उतरून मिक्सरवाल्याला हात केला, "अण्णा, स्वल्प निल्सी!" मिक्सर थांबला. त्याने लोकांनाही हातानेच गप्प केलं, आणि काय झालं ते न कळूनही सगळे गप्प झाले. महादेवीअक्कासुद्धा. तो माझ्याकडे बघत राहिला, आता बोल म्हणावं तसा.

मी हाक मारली. हाक कसली, नुसती फुसफुस. "भाग्या... ये बाळ."

"टीचर? खरंच तुमीच हाव का?"

आवाज टिपरच्या मागून आला. वाळू जिथे ओतायची होती, तिथे सिमेंटचे मोठे पाइप पडले होते. त्यातल्या एकातून भाग्या रांगत बाहेर आली, गुडघे धुळीने माखलेले, चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद. "सगळे लई हाका मारले," ती म्हणाली, "मी हाललेच न्हाई."

महादेवीअक्काने तिला आधी एक धपाटा घातला आणि मग छातीशी धरलं. त्या चालकाला मी हात जोडले. तो कन्नडमध्ये काही बोलला आणि परत गाडीत चढला. महादेवीअक्काने सांगितलं, "बाई कुणाला तरी हाक मारायलेत पण आवाज येईना झालाय, असं दिसलं म्हणतोय." मी रडत होते. ती पोरीला कडेवर घेऊन माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही मला बोलणार, आणि बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती म्हणाली, "आता कशाला रडताव अक्का? सापडली न्हवं?"

दुसऱ्या दिवशी ती भाग्याला पाठवेल अशी मला आशा नव्हती. पण केसांना तेल लावून, हाताला धरून तिने स्वतः आणून सोडलं. मी सगळ्या मुलांना शेरॉनकरवी सांगितलं की कुठलाही खेळ असो, आईने हाक मारली की धावत जायचं. मग गोष्ट शेरॉनने सांगितली आणि मी मुलांमध्ये बसून ऐकली. भाग्या माझ्या मांडीवर होती.

त्यानंतर मी या गोष्टीचा खूप विचार केला आहे. त्या दिवशी आवाज मिळाला असता, तर गोंगाटात तोही बुडाला असता, माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नसतं, टिपर त्या पाइपांकडे मागे येतच राहिला असता, आणि मी शेवटपर्यंत हाका मारत राहिले असते. मला काय हवं ते मी ठरवून टाकलं होतं आणि त्यालाच देवाचं उत्तर समजणार होते. अजूनही मी मागते, सवय जात नाही. पण मागून झालं की थोडा वेळ गप्प बसते. आणि त्या दिवसाची आठवण आली की माझी प्रार्थना एवढीच असते: प्रभू, मी आवाज मागितला होता. तो तू दिला नाहीस, त्याबद्दल तुझे आभार.