पाण्यावरची गाडीवाट

आमच्या दारात लाँच आली ती भर दुपारी, जीपच्या मागे, दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर बसून. राहुरीत तोवर ट्रॅक्टर आले होते, उसाच्या ट्रॉल्या आल्या होत्या, पण लाँच कुणी पाहिली नव्हती. शेजारच्या काकूंनी हात पुसत येऊन तिच्याभोवती एक फेरी मारली आणि कोंबड्या पाळणार आहात का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हो, आणि आमचे हेच आत बसून अंडी उबवणार आहेत.

धरणाचं काम उरकत आलं तसा एका ठेकेदारानं आपला पसारा विकायला काढला होता. त्यात साहेबलोकांना पाण्यावरून फिरवायला मुंबईहून आणलेली ही लाँच होती. लांबीला आमच्या ओसरीएवढी, पुढच्या अंगाला वाकून शिरावं लागेल अशी केबिन, मागे टांगलेलं पेट्रोलचं इंजिन. आमचं गॅरेज होतं, ठेकेदाराच्या गाड्या आमच्याकडे दुरुस्तीला यायच्या, त्यामुळे यांना बातमी आधी लागली. मला न विचारता घेऊन आले. चिंचेखाली उभी केली आणि तिच्याकडे असे बघत राहिले, की मला सवत आल्यासारखं वाटलं.

माझा राग मात्र लाँचवर कमी आणि ती ज्यावर चालणार होती त्या पाण्यावर जास्त होता.

माझं माहेर त्या पाण्याखाली आहे. नुसतं माहेर असतं तर गावच्या इतर लेकींसारखी मीही एकदा रडून मोकळी झाले असते. पण पहिल्या बाळंतपणाला मी तिथे गेले, ते गावाचं शेवटचं वर्ष होतं. जमिनी सरकारात गेल्या होत्या, त्या वर्षी कुणी पेरलंही नव्हतं. मला मुलगी झाली आणि बारशाच्या आत गेली. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि आईला तिकडे नेत नाहीत. माझे वडील आणि हे, दोघंच तिला घेऊन आमच्या रानात गेले. काम उरकून, रीतीप्रमाणे मागे वळून न बघता, घरी आले. हातपाय धुतले. मी कुणाला काही विचारलं नाही, कुणी मला काही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात गाव उठलं. लोकांनी दारं नेली, तुळया नेल्या, देव नेले, गव्हाणीचे दगड नेले. सरपणाला बाभळी तोडल्या, त्यांचे बुंधे खणून काढले. बांधांचे दगडसुद्धा नव्या घरांच्या पायात घालायला ट्रकमधून गेले. माझं जे होतं ते तेवढं तिथं राहिलं, आणि पावसाळ्यात त्यावर पाणी चढलं.

त्या वर्षी नगरला धरणाचं पाणी नळानं येणार अशी बोलणी चालली होती. माझी नणंद नगरला राहायची, ती हरखून गेली होती. मला वाटायचं, उद्या हिच्या घरी गेले तर पेल्यातलं ते पाणी मला कसं पिववेल? दिवसाउजेडी, चारचौघांत बसले असताना असं काहीतरी मनात यायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं. मला फार मोठं काही नको होतं. ती कुठे आहे, ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची होती. पण पाण्याकडे बोट दाखवून कुणाला काय विचारणार?

हे मात्र लाँचमध्ये बुडाले होते. पेट्रोलचं इंजिन पहिल्याच फेरीत खोकून बंद पडलं. वाऱ्यानं ढकलत लाँच काठाला लावली तेव्हा यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या इंजिनाचे भाग मुंबईशिवाय मिळेनात. मग यांनी ते उतरवलं आणि विहिरीवर बसवतात ते डिझेलचं इंजिन लाँचच्या पोटात बसवलं. ट्रकच्या जुन्या दांड्यातून घासूनपुसून पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा केला, तो बुडातून बाहेर काढला, भोकाभोवती ग्रीसमध्ये भिजवलेली सुताची दोरी ठोकून बसवली. इंजिन सुरू झालं की लाँचचा खिळान् खिळा थरथरायचा आणि माझ्या मांडणीतली भांडी वाजायची. वजनानं मागची बाजू बसली आणि नाक वर आलं, तेव्हा पुढे वाळूची दोन पोती टाकली. मग केबिनचं छत हातभर उचललं. मोडीत निघालेल्या एसटीच्या खिडक्या बसवल्या, एसटीचंच बाकडं बसवलं. माझ्या एका जुन्या लुगड्याचे पडदे झाले, तेही मला न विचारता. गाड्याची चाकं बारीक होती, काठावरच्या चिखलात रुतायची. ती काढून रबरी टायरच्या बैलगाडीची चाकं लावली. एक झालं की दुसरं काहीतरी निघायचंच. लाँच महिन्यातून एकदा पाण्यात आणि बाकीचे दिवस चिंचेखाली.

त्यांनी मुलीचा विषय कधी काढला नाही. जेवताना बोलायचे ते पंख्याविषयी, दांड्याविषयी. मला वाटायचं, या माणसाला काही झालेलंच नाही. एकदा रागानं मी बोललेसुद्धा, की माणसं मरतात आणि तुम्ही खिडक्या बसवता. ते जेवणावरून उठले नाहीत, पण भाकरी तशीच राहिली.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. कर्जत-जामखेडकडची माणसं खडी फोडायच्या कामावर ट्रक भरभरून जाताना दिसायची. अशा दिवसांत आमची लाँच जीपमागून रस्त्यानं निघाली की लोक हसायचे आणि त्यांचं चुकत नव्हतं. धरण उतरू लागलं. एका सकाळी हे म्हणाले, तुझ्या वडलांना बोलावून घे, पाणी कमी आहे तोवर जाऊन येऊ. कुठे, ते बोलले नाहीत. मला कळलं. केबिनचं छत का उचललं, बाकडं कुणासाठी होतं, तेही त्याच क्षणी कळलं आणि मी चुलीपुढे बसून पोटभर रडले.

वडील नव्या वसाहतीतून आले. आईनं पाण्यात पाय घालणार नाही म्हणून निक्षून सांगितलं होतं. तिनं त्यांच्याबरोबर एक भाकरी फडक्यात बांधून दिली होती.

लाँच पाण्यात उतरली. मी केबिनमध्ये, हे सुकाणूला, वडील पुढे वाळूच्या पोत्यांवर. काठ सुटला, यांनी नाक सरळ गावाच्या दिशेला धरलं. थोडं अंतर गेलो आणि वडलांनी हात वर केला.

"पाव्हनं, लोकाच्या रानातून कशाला घालता? गाडीवाट हाय की."

हे हसले. चहूकडे नुसतं पाणी. वडील हसले नाहीत. त्यांनी एका बाजूला डोंगराची सोंड धरली, दुसऱ्या बाजूला टेकडीवरचं झाड, आणि हातानं डावीकडे वळायला सांगितलं. मग काही अंतर सरळ. मग ओढ्याचा उतार आला म्हणून सावकाश घ्यायला सांगितलं. यांचं हसू लवकरच थांबलं. गाडीवाटेवर काही उभं नव्हतं. बाजूला कुठे चौथरा, कुठे अर्धी भिंत पाण्याखाली असणार आणि पंखा मोडायला एक दगड पुरे होता. पण वडील पंख्यासाठी सांगत नव्हते. ते आपल्या वाटेनं गावाला निघाले होते. हा अमक्याचा मळा, ही देवळाची मागली बाजू, असं पुटपुटत होते. देवळापाशी त्यांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

मी केबिनमध्ये बसले होते. इंजिन हळू केलं की फळीखाली पाण्याचा आवाज यायचा, चुकचुक, चुकचुक. पाजायला घेतलेल्या लेकराच्या तोंडाचा असतो तसा. मी कानावर हात ठेवले, तरी येत राहिला. मला भीती वाटली हे खरं, पण आवाज थांबला तेव्हा तो परत यावा असंही वाटलं.

वडलांनी लाँच थांबवायला लावली. म्हणाले, आलं घर. मला बाहेर बोलावलं. माहेरी आलेल्या लेकीवरून दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकतात. आमच्याकडे ते आई करायची. वडलांनी फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, माझ्यावरून ओवाळला आणि पाण्यात टाकला. खालून कुठलासा मासा आला आणि तुकडा ओढून घेऊन गेला. आम्ही तिघंही त्या जागी बघत राहिलो.

"दार तिकडं नेलं," वडील म्हणाले, "पर उंबऱ्याची जागा हीच."

तिथून आमच्या रानाकडे वळलो. रान नदीच्या अंगाला होतं. मी आता केबिनबाहेरच उभी होते. वडलांनी विहिरीची जागा धरली आणि तिथून उगवतीला बोट केलं. इथं बाभूळ होती, तिच्या बुडाशी. त्याच वेळी यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "नाही मामा. तिकडे नाही. ओढ्याच्या कोपऱ्याला, वरच्या बांधाला. दगड मी ओढ्यातून आणले होते."

वडील शांतपणे म्हणाले, "तुमचं ध्यान कुठं हुतं त्या वक्ताला? हात कापत हुते तुमचे."

"तुम्ही पुढे चालत होता. एकदाही मागे बघितलं नाहीत."

"कसं बघनार? बघत न्हाईत."

 दोघंही आपापल्या जागेकडे हात करून उभे होते. मधे हे एवढं पाणी. ज्या माणसानं पाण्याखालचा प्रत्येक वळसा बिनचूक सांगितला होता त्याची ही जागा, आणि ज्याच्या हातांनी तिला खाली ठेवलं त्याची ती. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. तोपर्यंत मी त्या दोघांवर, मला नेलं नाही म्हणून, मनातून चिडून होते. आता मला त्यांची दया आली. दोघं मागे वळून न बघता घरी आले आणि तेव्हापासून एकेकटेच ती जागा धरून बसले होते.

मी यांना म्हटलं, इंजिन सुरू करा आणि सगळ्या रानाला वळसा घाला. बांधाबांधानं घाला, वडील सांगतील तसं. त्यांनी घातला. परत येताना वडील गाडीवाटेनंच घेऊन आले.

पाणी उतरतच गेलं. दिवाळीच्या सुमारास आमचं रान उघडं पडलं. पाणी हटलं की मागे राहिलेल्या ओल्या जमिनीत पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. गावच्या लोकांनी आपापल्या बुडालेल्या जमिनी ओळखून तशा पेरल्या, वडलांनीही हरभरा टाकला. दुष्काळात तेवढंच हिरवं होतं. पौषात हे मला लाँचनं घेऊन गेले. पंखा गाळात घासू लागला तसं इंजिन बंद केलं आणि उरलेलं अंतर बांबूनं रेटत काठाला लागलो.

हरभरा घाट्यांनी भरला होता. वडील रानातच होते. मी नीट बघितलं तेव्हा पिकात दोन जागा मोकळ्या दिसल्या. एक विहिरीच्या उगवतीला, एक ओढ्याच्या कोपऱ्याला. दोन्ही सुपाएवढ्या, पेरताना पाभर उचलून मोकळ्या सोडलेल्या. जावयाची जागाही त्यांनी आपल्या जागेइतकीच राखली होती. यांनी ते बघितलं आणि मान खाली घातली. वडलांनी आमच्याकडे पाठ केली आणि बांधावरचं गवत उपटत बसले.

मी आधी विहिरीकडच्या जागेवर जाऊन बसले. माती हातात घेतली. ओली होती, बाकी काही नाही. मग ओढ्याच्या कोपऱ्यावर गेले. तिथेही बसले, बराच वेळ. मला वाटलं होतं की रडू येईल. ते आलं नाही, आणि त्याचीच लाज वाटली. हे लांब उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी उठले आणि काठाकडे निघाले.

हरभऱ्यातून तिरपी चालत होते. अर्ध्या वाटेवर, दोन्ही जागांपासून लांब, भर पिकात, माझा पाय थांबला. छाती एकदम ताठून आली, दुखू लागली, ती गेली त्या दिवसांत दुधानं दुखायची तशीच. मी खाली बघितलं. हरभरा, माती. चोळी ओली झाली होती.

वडलांनी बांधावरून हाक दिली, "पोरी, पीक तुडवतीस. कडंनं ये."

आले, म्हटलं. दोघांपैकी कुणालाही मी ते आजवर सांगितलेलं नाही. पदर पुढे ओढून घेतला आणि तिथेच उभी राहिले.